जलपर्णीला जेवू घालतो कोण?

इंदापूर तालुक्यातील शेळगावच्या फाट्यावरून दर आषाढवारीत तुकोबारायांची पालखी जाते. देहूच्या इंद्रायणीकाठाहून निघालेले वारकरी पुणे, लोणी, यवत, बारामती असे मुक्काम करीत या मुलखात उतरतात आणि इंदापूर मागे टाकून सराटीला नीरेचे स्नान घेतात. ही वारी साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. परंतु पावसाळ्याच्या त्याच दिवसांत, त्याच इंद्रायणीतून, दुसरी एक वारी इंदापूर तालुक्याकडे निघते. तिला टाळ नाहीत, मृदंग नाही. तिची दिंडी पाण्यावरून चालते. उन्हाळाभर नदीच्या पात्रात फोफावलेली जलपर्णी पहिल्या पुराबरोबर सुटते, तुळापूरला भीमेत शिरते, पुढे मुळा-मुठेतली तिची भावंडे तिला येऊन मिळतात, आणि हा सारा मेळा उजनीच्या जलाशयात येऊन ठेपतो. वारकरी रात्रीचा मुक्काम करून पहाटे पुढची वाट धरतात. ही मंडळी मात्र एकदा उतरली म्हणजे हलण्याचे नाव घेत नाहीत.

शेळगाव हे उजनीच्या काठावरचे गाव नव्हे. इंदापूर तालुका दोन नद्यांच्या मधोमध वसला आहे. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूरपाशी दोघींचा संगम. शेळगावचा भाग नीरेच्या अंगाचा; नीरा डाव्या कालव्याने हिरवा केलेला. उत्तरेच्या अंगाला मात्र १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले आणि भीमेची नदी न राहता समुद्र झाला. त्याचे नावही यशवंतसागर असेच आहे. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणारा हा सागर. पळसदेवचे जुने देऊळ त्याच्या पोटात गेले असून उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे ते दर्शन देते. भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ते पाहण्यासाठी पुण्या-मुंबईची मंडळी सहकुटुंब तेथे जातात. सोलापूर शहराची तहान याच पाण्यावर भागते. अशा या पाण्यावर हिरवा गालिचा पसरू लागतो, तेव्हा तो प्रश्न इंदापूरच्या कोळ्यांपुरता राहत नाही.

नाव गोड, गुण निराळे

मराठीचा अध्यापक या नात्याने मला ‘जलपर्णी’ हा शब्द फार गोड वाटतो. एकदा वर्गात समासांची उदाहरणे देताना मी या शब्दाच्या नादमाधुर्याबद्दल चार वाक्ये बोललो. मागच्या बाकावरून इंदापूरकडचा एक विद्यार्थी उठला आणि नम्रपणे म्हणाला, “सर, शब्द गोड असंल. पण आमचं चुलतं उजनीत जाळं टाकत्यात. जाळ्यात मासा कमी आन् ही बयाच जास्त घावती. होडी तर पुढं सरकतच न्हाई.” वर्ग हसला. समासाचा तास तेथेच संपला, हे सांगावयास नकोच!

कोल्हापूरकडे हिलाच ‘केंदाळ’ म्हणतात, आणि त्या शब्दात तिचे खरे रूप अधिक चांगले उतरले आहे, असे मला आता वाटू लागले आहे.

ही वनस्पती मूळची आपली नव्हे. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचे खोरे हे तिचे माहेर. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा प्रशियाचे एक मंत्री आइखहॉर्न यांच्या सन्मानार्थ तिचे कूळ ‘आयकॉर्निया’ ठरले. मंत्रिमहोदयांच्या इतर कामगिरीचा जगाला विसर पडला. हे एवढे नाव मात्र पाण्यावर तरंगत राहिले. तिच्या निळ्या-जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा असतो. या फुलावर भाळूनच लोकांनी तिला देशोदेशी नेले. १८८४ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे कापसाचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे ही रोपे भेट म्हणून वाटली गेली आणि तेथूनच ती अमेरिकेच्या नद्यांत शिरली, अशी कथा सांगतात. आपल्याकडे ती प्रथम बंगालमध्ये आली, तीही बागेतल्या हौदाची शोभा म्हणून.

आणि येथून मोठी मौजेची गोष्ट सुरू होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात बंगालमध्ये नद्या-खाड्या तुंबल्या, भातशेती बुडाली, तेव्हा लोकांनी तिला नाव दिले ‘जर्मन पाना’. इंग्रजांचे वाटोळे करण्यासाठी जर्मनांनीच ती धाडली, असा समज! सिंहलद्वीपात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिचे नाव पडले ‘जपान जबर’. ज्याच्या त्याच्या शत्रूचे नाव तिला मिळत गेले. स्वतःच्या गावाचे नाव मात्र तिला कोणीही दिले नाही. ही खोड आपण ध्यानात ठेवू. पुढे तिच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

सोळा आण्यांचा हिशेब

जलपर्णीचे सारे बळ तिच्या वाढण्यात आहे. बी पडून रोप व्हावे, रोपाचे झाड व्हावे, इतकी वाट पाहण्याचे तिला कारण नाही. एका रोपाला आडवे धुमारे फुटतात आणि प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला नवे रोप तयार होते. ऊन आणि अन्न भरपूर असले तर साधारण पंधरवड्यात तिचा पसारा दुप्पट होतो. पुराणातल्या रक्तबीजाची आठवण व्हावी असेच हे आहे.

जुन्या नाण्यांत हिशेब करून पाहू. सोळा आणे तळे भरले होते. आपण मोठ्या कष्टाने पंधरा आणे साफ केले आणि ‘एक आणाच तर राहिला’ म्हणून घरी आलो. पंधरा दिवसांनी त्या एका आण्याचे दोन आणे होतात, महिन्याने चार, दीड महिन्याने आठ आणि दोन महिन्यांनी पुन्हा सोळा आणे! ‘दर वर्षी काढतात आणि दर वर्षी येते’ असे जे आपण ऐकतो, त्यामागे कामगारांचा आळस नसून हे साधे गणित आहे.

बरे, सोळाच्या सोळा आणे काढले तरी सुटका नाही. तिचे बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. उन्हाळ्यात पाणी ओसरून ओला गाळ उघडा पडला, त्याला ऊन लागले, की ते रुजते. उजनीसारख्या जलाशयात दर उन्हाळ्यात असा गाळ उघडा पडतोच.

आता वजनाचे पाहा. दाट वाढलेल्या एका हेक्टरातली ओली जलपर्णी दोनशे टनांच्याही पुढे जाऊ शकते. तिच्यात शेकडा ९५ भाग पाणीच. म्हणजे दहा टन मालाच्या मालमोटारीने वीस खेपा केल्या, तर त्यांतल्या एकोणीस खेपा आपण निव्वळ पाणी वाहिले! जलपर्णी काढण्याचे कंत्राट महाग का पडते, याचे उत्तर येथे आहे.

पाण्याखाली काय होते?

वरून हिरवेगार दिसते. पण त्या गालिच्याखाली ऊन पोहोचत नाही. ऊन नाही म्हणून पाण्यातली सूक्ष्म शेवाळे प्राणवायू तयार करीत नाहीत. वरून वारा लागत नाही म्हणून हवेतला प्राणवायूही पाण्यात मिसळत नाही. जुनी पाने कुजून तळाशी बसतात आणि उरलासुरला प्राणवायू त्या कुजण्यात खर्च होतो. मासे गुदमरतात. ज्यांना तग धरता येते असे थोडेच उरतात. काठच्या कोळ्याच्या चुलीवर याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो.

शहरातल्या वाचकांना डासांची ओळख करून द्यावयास नको. जलपर्णीने पाणी संथ केले, की डासांच्या अळ्यांना निवारा मिळतो. मॅन्सोनिया नावाच्या जातीची अळी तर पाणवनस्पतींच्या मुळांत आपली श्वासनलिका खुपसून तेथूनच हवा घेते. वर यावयाचे तिला कारणच उरत नाही. हत्तीरोगाचा प्रसार करणाऱ्या डासांत ही जात मोडते. यापुढे नदीकाठच्या सदनिकेत संध्याकाळी खिडक्या लावून घेताना, आपण कोणावर खिडकी लावीत आहोत, हे वाचकांच्या लक्षात येईल.

पाणघोडे, औषधे आणि सोंडे

माणसाने या वनस्पतीशी कसकसे युद्ध केले, त्याचा इतिहास करमणुकीचा आहे आणि थोडा करुणही. १९१० साली अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये लुइझियानाचे प्रतिनिधी रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी एक विधेयक मांडले. आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत, ते जलपर्णी खातील, आणि लोक पाणघोड्यांचे मांस खातील, अशी ही योजना! त्यासाठी अडीच लाख डॉलर मागितले होते. विधेयक बारगळले म्हणून बरे. नाहीतर पुढे पाणघोड्यांचा बंदोबस्त कसा करावा, यावर एक निराळा लेख लिहावा लागला असता. त्याच देशात त्याआधी सोमलाचे औषध फवारून पाहिले होते. त्याने जलपर्णी मेली, तशी काठची गुरेही मेली.

आपल्याकडे बंगाल सरकारने १९२१ साली सर जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९३६ साली जलपर्णीविरोधी कायदा केला. १९३७ च्या निवडणुकीत तर जलपर्णीचा नायनाट हे पक्षांच्या जाहीरनाम्यातले आश्वासन होते. आज तेथील नद्यांवर जलपर्णी आहेच.

आजच्या घडीला मार्ग तीन. पहिला, हाताने किंवा यंत्राने काढण्याचा. हा सर्वांत निर्धोक; पण सोळा आण्यांचा हिशेब त्याच्या मागे लागलेला. त्यातही वेळ साधली पाहिजे. पूर येण्यापूर्वी, फुले धरण्यापूर्वी आणि नदीच्या वरच्या अंगापासून काढीत खाली आले, तर कष्ट कारणी लागतात. काढलेला ढीग काठावरच ठेवला, तर पहिल्या पुराने तो पुन्हा पाण्यात जातो.

दुसरा मार्ग तणनाशकाचा. तो झटपट दिसतो. पण मेलेली जलपर्णी जागच्या जागी बुडते, कुजते, आणि जे अन्न तिने पाण्यातून शोषले होते ते पाण्याला परत करते. पुढच्या पिकाची बेगमीच म्हणा ना! शिवाय ज्या पाण्यावर शहर जगते, त्या पाण्यात विष फवारताना दहादा विचार करावा लागतो.

तिसरा मार्ग किड्यांचा. घराघरांतल्या गृहिणींना धान्यातले सोंडे ठाऊक आहेत. त्यांच्याच गणगोतातला, चार-पाच मिलिमीटर लांबीचा निओचेटिना नावाचा सोंड्या जलपर्णीच्या माहेरी राहतो आणि जलपर्णीवाचून दुसरे काही खात नाही. प्रौढ किडा पाने खरवडतो. अळी देठ पोखरीत गाभ्यापर्यंत जाते. इतर पिकांना त्याच्यापासून उपद्रव नाही, हे तपासून १९८० नंतरच्या दशकात तो बंगळूरला आणून तळ्यांत सोडण्यात आला, आणि सुमारे तीन वर्षांत तेथील काही तळ्यांचे पाणी दिसू लागले. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ पासून हेच किडे सोडले. पाच-सहा वर्षांत हजारो हेक्टरांवरची जलपर्णी ओसरली.

मग आपल्या नद्यांत हे किडे सोडून मोकळे का होऊ नये? कारण येथेच खरी मेख आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या ज्या आखातात शहरांचे सांडपाणी आणि शेतांतली खते येऊन पडतात, तेथे जलपर्णी पुन्हा आली. किडा एक पान खाईपर्यंत भरपेट जेवलेली जलपर्णी दोन पाने काढते. किडा हरत नाही. त्याची बाजू दुबळी पडते, कारण समोरच्याला कोणीतरी खुराक पुरवीत असते.

खुराक कोणाच्या घरचा?

जलपर्णी जमिनीत रुजत नाही. तिची मुळे पाण्यात लोंबतात. तेव्हा तिचे अन्न पाण्यातूनच यावयास हवे. ते अन्न म्हणजे नत्र आणि स्फुरद. शेतकरी गोणीतून विकत आणतो तेच. एक माणूस वर्षाकाठी सुमारे चार किलो नत्र आणि अर्धा किलो स्फुरद मलमूत्रावाटे टाकतो. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची मिळून लोकसंख्या सुमारे ४८ लाख होती. आता ती पुष्कळच वाढली आहे. त्या जुन्याच आकड्याने गुणाकार केला, तरी नत्र १९ हजार टन आणि स्फुरद २,४०० टन होते. शेळगावच्या एखाद्या बागायतदाराला कळेल अशा भाषेत सांगावयाचे, तर हे नत्र पंचेचाळीस किलोच्या नऊ लाखांवर युरियाच्या गोण्यांइतके झाले. हे सगळेच्या सगळे नदीत जाते असे नव्हे. पण जे जाते ते अखेर भीमेने उजनीतच जाते. दुसरी वाटच नाही.

येथे कोणी म्हणेल, “अहो, पण शहरात सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत ना?” आहेत. मात्र एक गोष्ट सामान्यतः सांगितली जात नाही. साध्या शुद्धीकरणाने पाण्याची घाण आणि दुर्गंधी जाते. नत्र आणि स्फुरद पुरतेपणी जात नाहीत. त्यांसाठी पुढची निराळी प्रक्रिया करावी लागते. डोळ्याला स्वच्छ दिसणारे पाणीही जलपर्णीला पंचपक्वान्न असू शकते. त्यातून सगळे पाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, ही गोष्ट वेगळीच. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या अर्थसाहाय्याने नवी केंद्रे उभारण्याच्या योजनेला २०१६ साली मंजुरी मिळाली. काम प्रत्यक्ष सुरू होण्यातच पुढची पाच-सहा वर्षे गेली. जलपर्णीचा पंधरवडा आणि आपल्या फाइलीचा पंधरवडा यांत असा फरक आहे!

खेड्यांनीही हात झटकू नयेत. ऊसपट्ट्यात कालव्याचे पाणी हाताशी असले म्हणजे ते भरपूर सोडण्याकडे कल असतो. पिकाने न घेतलेले खत त्या पाण्याबरोबर ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला मिळते. ठिबकाने बेताचे पाणी आणि माती तपासून बेताचे खत दिले, तर शेतकऱ्याचा पैसा वाचतो आणि नदीचे अन्नही तुटते.

आता मघाची खोड आठवा. बंगालने जर्मनाला दोष दिला, सिंहलींनी जपान्याला. आपणही तेच करतो. पुणेकर म्हणतो, ही महापालिकेची. महापालिका म्हणते, वरच्या गावांची. धरणकाठचा माणूस म्हणतो, पुण्याची. जलपर्णी परकी आहे हे खरेच. परंतु तिचे जेवण आपल्या घरचे आहे. दिवाळीच्या पहाटे आपण उटणे लावून अभ्यंगस्नान करतो, फराळाची तेलकट भांडी घासतो, पडदे-चादरी धुतो. मोरीतून गेलेले ते पाणी कोठे जाते, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. तुकोबांची पालखी जेथे जाते, त्याच तालुक्यात ते जाते.

उपयोग आणि उपाय

शत्रूचेही गुण पाहावेत. जलपर्णी पाण्यातून अन्न शोषते, म्हणून ती वेळच्या वेळी काढली तर पाण्यातले नत्र-स्फुरदही तिच्याबरोबर बाहेर निघते. शेणाबरोबर तिचा गॅस होतो, कंपोस्ट आणि गांडूळखत होते. आसामात आणि बांगलादेशात वाळलेल्या देठांच्या टोपल्या आणि चटया विणतात. पण ती शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही शोषून घेते. तेव्हा कारखान्यांच्या पाण्यात वाढलेल्या जलपर्णीचे खत तपासल्यावाचून भाजीच्या वाफ्यात घालू नये. आणि ‘तिच्यापासून एवढा धंदा होईल की ती पुरणार नाही’ अशा घोषणांवरही फार विसंबू नये. वीस खेपांतल्या एकोणीस पाण्याच्या, हे विसरून चालणार नाही.

घरापुरते करता येण्यासारखे काय? बागेतल्या हौदात किंवा गॅलरीतल्या घंगाळात शोभेसाठी जलपर्णी ठेवू नये, आणि असेल तर ती ओढ्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या खतात घालावी. धुण्याची पावडर घेताना तिच्यात फॉस्फेट आहे की नाही, हे वेष्टनावर पाहावे, आणि असेल ती कोणतीही पावडर बेताने वापरावी. नव्या सदनिकेची किंमत विचारताना, ‘इमारतीच्या सांडपाण्याचे यंत्र आहे का, आणि ते चालू असते का?’ हेही विचारावे. दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे. निवडणुकीत मते मागावयास येणाऱ्यांना, नदीतून किती जलपर्णी काढली हे विचारण्याऐवजी, नदीत जाणाऱ्या पाण्यातले नत्र आणि स्फुरद किती कमी केले, हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर छायाचित्र दाखवून देता येते; दुसऱ्याला आकडे दाखवावे लागतात.

हाताने काढणे, यंत्राने काढणे, किडे सोडणे, हे सारे हवेच. ते थांबले तर दोन महिन्यांत काय होईल हे आपण पाहिले. पण ते काम पंक्तीतल्या आगंतुकाला उठविण्याचे आहे. पंक्तीला वाढप चालू आहे तोवर तो पुन्हा येऊन बसणारच. उजनीच्या काठी जाळे टाकणाऱ्या त्या चुलत्यांची होडी पुढे सरकावयाची असेल, तर वाढप्याचा हात थांबला पाहिजे. आणि तो हात पुण्याच्या मोरीत आहे, तसाच उसाच्या पाटावरही आहे.